मायक्रोस्कोप मीच दिला होता

ही गोष्ट सांगायची मी गेली काही वर्षं टाळत आलो. विषय निघाला की उठून पाणी प्यायला गेलो, नाहीतर कमी ऐकू येतं याचा आधार घेतला. कुंदा रामटेके मॅडम गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. सकाळी चष्मा लावून पाहिलं तर जोडलेल्या हातांची रांग लागलेली होती. त्या नोकरीत असताना ज्यांनी कधी त्यांच्या शेजारी डबा उघडला नाही, त्यांनीही फुलं पाठवली होती. मीही हात जोडले आणि मोबाइल पालथा ठेवला.

पुढे शाळेत शोकसभा झाली. निवृत्त मुख्याध्यापक म्हणून मला अध्यक्ष केलं. मी 'विद्यार्थिप्रिय', 'तळमळीच्या' असे कोणाच्याही मागे बोलता येतील असे शब्द बोललो. नंतर चहा घेताना एक जुने सहकारी म्हणाले, "बाई हुशार होत्या, त्यात वाद नाही. फक्त ते मायक्रोस्कोपचं तेवढं केलं नसतं तर..." आणि मान हलवत माझ्याकडे पाहू लागले. मी बशीतलं बिस्किट उचललं. आठवडे झाले, ते बिस्किट घशाखाली उतरलेलं नाही. म्हणून लिहितो आहे. पांढरकवड्यात ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट ऐकली, सांगितली आणि चघळली, त्यांनी हे वाचावं. विज्ञान शिकवणाऱ्या रामटेके मॅडमनी शाळेचा मायक्रोस्कोप चोरून नेला नव्हता. तो मी दिला होता.

आधी एक सांगून टाकतो. मला त्या आवडत नव्हत्या. त्या गेल्या म्हणून मी आता त्यांच्यावर प्रेम करायला लागणार नाही. मी वर्गात शिरलो की बाकीचे शिक्षक खडू खाली ठेवायचे. मॅडम मात्र हातातलं वाक्य पूर्ण करायच्या आणि मग 'बोला सर' म्हणायच्या. स्टाफरूममध्ये माझ्या विनोदांना हसायच्या नाहीत. कोणी चुकलं तर तिथल्या तिथे सांगायच्या, आडपडदा नाही, मागाहून गोड बोलणं नाही. अशा माणसाबरोबर रोज काम करणं सोपं नसतं. त्यांनाही मी आवडत नव्हतो आणि त्यांची कारणं माझ्यापेक्षा बरी होती.

टाळेबंदीत शाळा बंद झाली आणि मोबाइलवर वर्ग घ्या असा आदेश आला. बहुतेकांनी धड्याचे फोटो ग्रुपवर टाकले आणि हात झटकले. मॅडम शाळेच्या गेटवर आल्या, तोंडाला ओढणी बांधलेली. म्हणाल्या, "सर, मायक्रोस्कोप घरी नेऊ द्या. सातवीला पेशी शिकवायची आहे." मी म्हणालो, "फोटो दाखवा ना. पुस्तकात आकृती आहे." त्या म्हणाल्या, "आकृती तर आहेच. पेशी दाखवायची आहे." मला लवकर घरी जायचं होतं. मी प्रयोगशाळेची किल्ली दिली आणि म्हणालो, "न्या, पण जपून." एवढंच. लिहून काही दिलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. त्या काळात कोण काय लिहून घेत होतं...

त्यांनी मोबाइल केसांच्या रबरानं मायक्रोस्कोपच्या नळीला बांधला, खाली टेबल लॅम्प लावला आणि ओट्यावरून वर्ग सुरू केला. कोणी कोलामांच्या पोडावरून, कोणी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून, जिथे रेंज लागेल तिथे, एकेका मोबाइलभोवती पोरं गोळा होऊन बसायची. त्यांची एक पद्धत होती. इंटरनेटवर पेशीचं एक चित्र होतं, बोटानं फिरवता येणारं, आत शिरता येणारं. मॅडम ते चित्र आधी कधीच उघडायच्या नाहीत. "आधी खरी, मग रंगवलेली," म्हणायच्या. आधी रंगीत दाखवली तर पोरांना वाटतं केंद्रक जांभळंच असतं आणि मग खरी पेशी त्यांना फिकी वाटते. प्रत्येक पोरानं घरी कांद्याचा पापुद्रा काढून उजेडाकडे धरायचा, मग मॅडमच्या मायक्रोस्कोपमधून तसाच पापुद्रा पाहायचा आणि त्यानंतर ते चित्र. मी तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं. मला हे कधी सुचलं नव्हतं. तेव्हा हे कबूल करण्याऐवजी मी तपासणीला म्हणून एकदा त्या वर्गात शिरलो.

पडद्यावर कांद्याच्या पेशी विटांसारख्या रचलेल्या दिसत होत्या. आपणही काही बोलावं म्हणून मी म्हणालो, "मुलांनो, वनस्पतीची पेशी आहे, तर हिरवे ठिपके शोधा. त्याला हरितलवक म्हणतात." मग मॅडम म्हणाल्या, "सर, कांद्याच्या या पापुद्र्यात हरितलवक नसतं. कांदा जमिनीखाली वाढतो." लगेच कुठल्या तरी वावरातून आवाज आला, "मातीखाली ऊन कुठं लागते सर?" दुसरा म्हणाला, "हेडसर चुकले बे," आणि पाच-सहा मोबाइलांमधून हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पोरांना गप्प केलं आणि पुढे शिकवू लागल्या. त्या हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शाळा उघडली तेव्हा संस्थेचे सचिव पाहणीला आले. कपाट उघडलं तर मायक्रोस्कोपची जागा रिकामी. मॅडम दारातच उभ्या होत्या, म्हणाल्या, "माझ्या घरी आहे. वर्ग घेत होते." सचिवांनी विचारलं, "कोणाले इचारून नेला?" त्या माझ्याकडे पाहू लागल्या. सगळा स्टाफ माझ्याकडे पाहू लागला. मला तो वावरातला आवाज ऐकू आला, खरंच ऐकू आला... आणि मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही."

"सर, आठवून पहा. गेटवर तुम्हीच म्हणालात, जपून न्या."

"मी असं म्हणाल्याचं मला आठवत नाही."

सचिव हसले. "म्हणजे हेडसर खोटं बोलून राह्यले का?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

त्या एका 'हो'नं त्यांचं जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला मायक्रोस्कोप माझ्या टेबलावर ठेवला. "भिंगं सगळी आहेत. पाहून घ्या." मी पाहिलं नाही. संस्थेनं त्यांची बदली ढाणकीच्या शाळेत केली, एसटीनं अर्धा दिवस दूर. गावात चोरी हा शब्द पसरला. तो त्यांना इतक्या पटकन का चिकटला आणि माझ्या शेजारच्या आळीत त्याबद्दल कोणाला शंकाही का आली नाही, हे मी इथे समजावून सांगत नाही. रामटेके हे आडनाव ऐकून ज्यांनी लगेच मान डोलावली, त्यांना ते ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. मी त्याचा फायदा घेतला.

त्यानंतर एकदा यवतमाळच्या बसस्थानकावर समोरासमोर आलो. मी नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "काय सर, सापडला का मायक्रोस्कोप?" आणि उमरखेडच्या गाडीत चढल्या. मला तेव्हा रागच आला. घरी आल्यावर बायकोला म्हणालोही, बाई अजून तशीच तिरसट आहे. तिनं विचारलं, "काहून तिरसट नसावी?" मी जेवायला वाढ म्हणालो.

ढाणकीहून मॅडमनी स्वतःच्या पैशानं एक मायक्रोस्कोप घेतला आणि रविवारचा वर्ग सुरू केला, कोणालाही येता येईल असा. त्याचा दुवा माझ्या नातीनं मला पाठवला. तो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. परवाच्या रविवारीही मी तो दाबला. शिक्षक येईपर्यंत थांबा, अशा अर्थाचं वाक्य आलं आणि माझंच तोंड मला पडद्यावर दिसत राहिलं. त्या आजारी आहेत हे मला आधी कळलं होतं. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात मी एकदा ठरवून त्या वर्गात गेलो होतो, स्वतःच्या नावानं. सगळ्या पोरांसमोर सांगायचं, की मी खोटं बोललो होतो. वाक्य पाठ केलं होतं. पडद्यावर तांबड्या रक्तपेशी होत्या. मॅडमचा आवाज बारीक झाला होता, मधे मधे थांबत होत्या. मी हात वर करायचं बटण दाबलं. त्यांनी नाव वाचलं.

"बोला सर. माईक सुरू करा."

मी माईक सुरू केला आणि विचारलं, "या पेशीत केंद्रक दिसत नाही. मग ती जगते कशी?"

"काही महिने जगते. काम करते," त्या म्हणाल्या. "पण नवीन काही बनवता येत नाही. बिघडलेलं फारसं दुरुस्त करता येत नाही." मग पोरांना म्हणाल्या, "हे वहीत घ्या." त्या पुढच्या पेशीकडे वळल्या, पुन्हा थांबल्या.

"सर, तुमचा हात अजून वर दिसतो आहे. काही राहिलं का?"

"नाही," मी म्हणालो, आणि हात खाली घेतला.