शुक्रवारचा रस्सा

आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या मंडळीत, मोठ्या माणसांना देवाबद्दल बोलायला लावायचं असेल, तर आधी जेवायला काय आहे ते सांगावं लागतं.

हा शोध आमच्या नव्या फादरांचा. तरुण माणूस, यवतमाळकडचा, चर्चमधली मिस्सा-प्रार्थना आटोपली की टी-शर्टवर फिरणारा. धर्मशिक्षणाचा वर्ग म्हटलं की आपली माणसं लग्न, बारसं आणि गुडघा यांपैकी काहीतरी एक पुढे करतात, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. (गुडघा सगळ्यात जास्त चालतो.) म्हणून त्यांनी ‘श्रद्धा-गप्पा’ काढल्या. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमायचं, खुर्च्या गोल मांडायच्या, भाषण नाही, फळा नाही, मनात येईल ते विचारायचं आणि मग पोटभर जेवायचं. पहिल्याच खेपेला मनीषनगरात एवढी गर्दी झाली की शेजाऱ्यांना साखरपुडा वाटला.

मार्चमध्ये पाळी आमची आली. बेसा भागात आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, त्यामुळे गच्ची जवळजवळ आमचीच. पण माझं लक्ष गच्चीत नव्हतं, रॉबिनमध्ये होतं.

रॉबिन म्हणजे माझा साळा, बायकोचा भाऊ. पूर्वी चर्चमध्ये की-बोर्ड वाजवायचा. तेव्हाच्या वयस्कर फादरांनी एकदा भर मंडळीत त्याला म्हटलं, “हे स्तोत्र आहे, वरात नव्हे!” रॉबिननं की-बोर्ड झाकला, तो झाकलाच. तेव्हापासून त्यानं चर्चची पायरी चढली नव्हती. सासूबाई दर रविवारी त्याला उठवायच्या, तो कूस बदलायचा, आणि मग त्या एकट्याच रिक्षानं जायच्या. प्रार्थनेत त्या दुसरं काही मागत नसत. मला त्यांचं फार वाईट वाटायचं. त्यामुळे मी ठरवलं, पोराला चर्चमध्ये नाही तर निदान गच्चीवर तरी आणायचं!

“रॉबिन, येशील का गा शनिवारी?”

“प्रवचन हाये का भाऊजी?”

“छे! नुसत्या गप्पा. आणि सावजी मटण.”

फोनच्या पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग, “कुठलं?”

“जरीपटक्याहून मागवतो.”

“येतो. पण डोळे मिटाले सांगसान तं उठून जाईन.”

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या देवघरातल्या मरियामाऊलीपुढे जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, “जवाईबापू, तुमी माह्यासाठी लय केलं.” सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं, “जेवणाचं काय करू?” मी म्हटलं, “ते माझ्यावर सोड.” लग्नानंतर तिनं पहिल्यांदाच माझ्यावर काहीतरी सोडलं.

मग फादरांना शनिवारी परगावी जायचं निघालं. ते म्हणाले, “एक दिवस आधी घेऊ. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना झाली की तिकडूनच सगळे येऊ.” मी मान हलवली. मान हलली, पण आत काही हललं नाही. मी रॉबिनला नवा वार कळवला, सावजीवाल्याला नवा वार कळवला आणि स्वतःच्या टापटिपीवर खूश झालो.

शुक्रवारी दुपारीच मटणाचं पातेलं घरी येऊन पडलं. मी झाकण उघडून तर्रीचा रंग पाहिला, समाधानानं झाकण लावलं आणि चर्चमध्ये गेलो. क्रूसाच्या वाटेत येशूच्या दुःखाची चौदा स्थानं असतात. एकेका चित्रापुढे थांबून, गुडघे टेकून प्रार्थना करायची. माझ्या हातात मेणबत्ती होती. नवव्या स्थानावर येशू तिसऱ्यांदा पडतो. तिथं फादर म्हणाले, “या उपवासकाळात शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो, ते याच्यासाठी.”

मेणबत्तीचं मेण माझ्या अंगठ्यावर सांडलं. मी हललो नाही. (बाजूच्या बाईंना वाटलं, केवढी भक्ती!)

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी मांस खायचं नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही माहीत असतं. मलाही होतं. शुक्रवार माहीत होता, उपवासकाळ माहीत होता, मटण तर मीच मागवलं होतं. तिघांची गाठ तेवढी पडली नव्हती.

दहाव्या स्थानाकडे जाताना मी सुनीताला गाठलं. ती हॉस्पिटलातली ड्यूटी करून थेट चर्चला आली होती.

“सुनीता, घरी मटण आहे.”

“आज?”

“पातेलंभर.”

ती क्रूसाकडे बघत पुटपुटली, “तुमच्यावर सोडलं, माह्यंच चुकलं.”

घरी पोचलो तर जिन्यातच वास. वर गच्चीवर पाहुणे जमायला लागले आणि खाली स्वयंपाकघरात आमची बैठक भरली. मटण ठेवावं तर फादरांसमोर तोंड दाखवायला जागा नाही. काढून टाकावं तर रॉबिन उठून जाणार, आणि सासूबाईंच्या इतक्या वर्षांच्या प्रार्थनेवर माझ्यामुळे पाणी पडणार!

“असं कर,” मी म्हटलं, “चाळणीनं तुकडे काढून घे. रश्शात उकडलेली अंडी सोड, अंडं चालतं. अंडाकरी झाली! तुकडे रॉबिनला इकडेच गुपचूप देऊ.”

“आन् रश्शाचं काय? तो मटणाचाच ना?”

“ते मी फादरांना विचारतो. आडून.”

गच्चीवर विषय होता, ‘त्याग म्हणजे काय?’ रॉबिन आला होता, टाकीजवळच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला होता. सासूबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या, बघितलं तर तो उडून जाईल अशा बेतानं बसल्या होत्या. मी घसा साफ केला.

“फादर, समजा... एखाद्यानं मटणातले तुकडे काढले आणि नुसता रस्सा खाल्ला, तर उपवास मोडतो का?”

मागच्या महिन्यात आत्म्याच्या अमरत्वावर कोणी तोंड उघडलं नव्हतं. आता एकदम सगळे सरसावले.

“तुकडे काढले तं मटण कुठं राहिलं?” रेल्वेतून निवृत्त झालेले पीटरकाका म्हणाले. “ते तं मसाल्याचं पाणी झालं!”

“अर्क उतरतो पाण्यात,” फिलोमिनाबाई म्हणाल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. “अर्क म्हणजे मांसच.”

“मंग बकरी गवत खाते, तं बकरीले पालेभाजी म्हनाचं का बाई?”

“तुम्ही विषय भरकटवून राहिले!”

“मी? मी तं मुद्द्यावर हावो!”

फादर हसत म्हणाले, “कायदा राहू द्या. रस्सा खाताना तुमच्या मनात काय असतं, ते सांगा.”

“मटणच असते,” पीटरकाका प्रामाणिकपणे म्हणाले.

त्याच वेळी वारा फिरला. खालून कढत्या तर्रीचा वास वर आला आणि सगळी श्रद्धाळू नाकं एकदम वळली.

“फादर,” पीटरकाकांनी विचारलं, “वास घेतला तं मोडते का?”

“पण वास येऊन कुठून राहिला?” फिलोमिनाबाईंनी विचारलं.

“खालच्या बोरकरांकडून!” मी ताबडतोब सांगितलं. तेवढ्यात वाळलेले कपडे काढायला खुद्द बोरकर गच्चीवर आले आणि मोठ्यानं म्हणाले, “काय बेत हाये साहेब आज तुमच्याकडे? आमाले तं घरात बसवेना!”

“मीठ पाहून येतो,” असं म्हणून मी धूम ठोकली.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. सुनीता ताटं घेऊन वर गेली होती. पातेल्यात अंडी तरंगत होती आणि बाजूला रॉबिनसाठी काढलेला मोठा वाडगा. मी मीठ पाहायला म्हणून चमचाभर रस्सा घेतला. कळेना. (घाबरलेल्या माणसाला मीठ कळत नाही.) तुकड्यात मुरलेलं मीठ खरं, म्हणून एक तुकडा तोंडात टाकला. नळीचा निघाला. आता नळी आली म्हणजे ओढणं आलं! मी डोळे मिटून ओढत असताना दारातून आवाज आला.

“भाऊजी?”

मी तोंडातल्या तोंडात “मीठ!” म्हणालो आणि वाडगा त्याच्यापुढे केला. “घे, तुझ्यासाठी लपवून ठेवलं.”

रॉबिन वाडग्याकडे बघत राहिला. “भाऊजी, आज शुक्रवार हाये ना?”

“तू... तू तर चर्चलाच येत नाहीस!”

“चर्च सोडलं, शुक्रवार कायले सोडू? आईनं लहानपनापासून या दिवसांत शुक्रवारी वरण-भातच वाढला. दुसरं जातच नाई घशाखाली.”

“पण मटणासाठीच आलास ना?”

“वार बदलला म्हणजे मटण गेलं, हे तवाच समजलं मले. आई लय दिवसांची मागं लागून होती, म्हणून आलो.”

त्याच्या मागे सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मीही डोळे पुसले. (बोटांना थोडी तर्री होती.) आणि सासूबाईंच्या मागे, पाणी प्यायला आलेले फादर! त्यांनी वाडगा पाहिला, पातेलं पाहिलं, माझे तर्रीनं माखलेले ओठ पाहिले.

“रश्शाचा प्रश्न आत्ता समजला मला,” ते म्हणाले.

मटणाचं पातेलं अंड्यांसकट बोरकरांकडे गेलं. त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. आमची सगळी मंडळी सुनीतानं घाईनं टाकलेली खिचडी, कांदा आणि ठेचा यांवर जेवली, आणि पीटरकाकांनी शेवटपर्यंत बोरकरांच्या दाराकडे कान ठेवला. निघताना रॉबिननं फादरांना विचारलं, “भाऊजीले काय प्रायश्चित्त देसान?”

“रविवारी ये, सांगतो.”

तो रविवारी खरंच आला! माझं प्रायश्चित्त ऐकायला आला, पण आला. पुढच्या रविवारीही आला. आता की-बोर्डवरची धूळ झटकलीय, आणि स्तोत्रं पुन्हा किंचित वरातीसारखी वाजतात. सासूबाईंना त्यात काही गैर वाटत नाही. त्या चर्चबाहेर भेटेल त्याला सांगतात, “एवढी वर्षं मी त्याले चांगल्या मानसांचे दाखले देत होती, काई उपेग झाला नाई. जवाईबापूंकडे एकडाव पाह्यलं, आन् पोट्टा सुधरला!”

हे पॅरिशभर झालं आहे. ज्यांची पोरं चर्चकडे फिरकत नाहीत, अशा दोन आयांनी मला आपापल्या घरी जेवायला बोलावलं आहे. दोघींनीही शुक्रवारच दिला आहे.