सूनबाईचा वाचक

माझी सून चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. डोळे तपासत नाही ती, मागच्या खोलीत बसून काचा घासते. नंबराची गोल काच येते, ती फ्रेमच्या आकारात घासायची, बसवायची, मग गरम हवेवर धरून दांड्या वाकवायच्या. माणसाचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो हे मला तिच्यामुळे कळलं. माझा डावा वर आहे म्हणे. लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने मला हे ऐकवलं. मी म्हटलं, बाई गं, या घरात सासूचे कान मोजायची पद्धत नाही. तर हसली. तिला राग म्हणून येत नाही, आणि मला तर उठल्यापासून येतो, त्यामुळे आमचं बरं जमतं.

तिला बघायचा नाद आहे. रस्त्याने चालताना मध्येच थांबते, कुणाच्या गॅलरीत काय वाळत घातलंय ते बघते. आणि बघितलेलं सगळं लिहून काढायचा दुसरा नाद. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाईलवर लिहायचं. मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात जन्म काढला. चादरीवरचा डाग कशाचा आहे ते मी लांबून सांगेन, पण साहित्यातलं मला ओ की ठो कळत नाही. ऐकायला मात्र आवडतं. मी शेंगा सोलत बसायची आणि ती वाचून दाखवायची.

तिच्या धाकट्या बहिणीला आम्ही धाकटीच म्हणतो. ती एका दुपारी एक बॅग घेऊन आमच्या दारात आली. उजवा हात प्लास्टरमध्ये. घरातून निघायला दाराची कडी धरून उभी होती, सोडेना, तर नवऱ्याने दार तसंच लावून घेतलं, हात मध्ये असताना. आणि हा माणूस दिसायला असा, की तुम्ही त्याला बसायला खुर्ची द्याल. इस्त्रीचा शर्ट, खाली नजर, जिभेवर साखर. आम्ही तिला परत पाठवलं नाही म्हणून तो आमच्या घरासमोर येऊन उभा राहायला लागला. ओरडणं नाही, शिवी नाही. हातात वर्तमानपत्र, आणि मी बाहेर पडले की नमस्कार. पोलीस म्हणाले, रस्त्यावर उभं राहणं गुन्हा नाही. धाकटी अजून त्याला ‘ते’ म्हणते, त्याचा मला इतका संताप येतो की विचारू नका.

शेवटी आम्ही गावच बदललं. मुलगा माझा कंटेनर चालवतो, महिनोन्‌महिने रस्त्यावर. त्याला घर काय, कुठेही असलं तरी पोचेपर्यंत पाठ धरलेलीच असते. नातेवाईकांना ताकास तूर लागू दिली नाही. सुनेला नव्या गावात चष्म्याचं काम मिळालं, आणि हळूहळू धाकटीलाही रस्त्याच्या टोकाच्या रोपवाटिकेत. कुंड्या भरायच्या, हिरव्या जाळीखाली पाणी मारायचं. सुरुवातीला दारावर थाप पडली की ती संडासात जाऊन कडी लावायची. मग एक दिवस थाप पडली आणि तिने स्वतः जाऊन दार उघडलं. दूधवाला होता. त्याला कळेना ही आजी का रडतेय. मला मुलगी नाही, ही आयती मिळाली होती, आणि मी ती कुणाला देणार नव्हते.

इथे सगळं स्थिरस्थावर झालं, आणि सूनबाईंना कादंबरी लिहायची लहर आली. त्यासाठी मग इंटरनेटवर शोधाशोध. लेखकांच्या मदतीला तिथे काय काय असतं, मला ठाऊकच नव्हतं. एक जण पैसे भरा, महिन्याभरात लेखक करतो म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी तुमची गोष्ट छापणार, पण पुस्तकं तुम्हीच विकत घ्यायची. तिसरीकडे सगळे एकमेकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत बसलेले, छान, अप्रतिम, लिहीत राहा. तिथे तिने महिनाभर काढला आणि एक दिवस वैतागून म्हणाली, “आई, मी वाण्याची यादी टाकली तरी हे अप्रतिमच म्हणतील.”

मग तिला एक चांगली साइट सापडली. चांगली होती, खोटं कशाला बोलू. फुकट धडे, शब्दकोश, स्पर्धांच्या तारखा. धडे ती मला वाचून दाखवायची. घर जुनं होतं असं लिहू नका, डोळ्यांना काय दिसतं ते लिहा, नाकाला काय येतं ते लिहा. मला पटलं ते. त्यात आणखी एक सोय होती. आपलं प्रकरण टाकायचं, आणि दुसरा कुणी ते नीट वाचून चुका दाखवणार. सुनेने प्रकरण टाकलं. दोन मैत्रिणी, एक नवऱ्याकडून पळून दुसरीच्या आसऱ्याला आलेली.

मी शेंगा खाली ठेवल्या. म्हटलं, “अक्कल गहाण टाकलीस का?”

“सगळं बदललंय आई. बहिणी नाहीत, मैत्रिणी आहेत. नवरा बँकेत आहे. हातसुद्धा डावा मोडलाय.”

धाकटी आतून म्हणाली, “लिहू दे हो मावशी. मलाही बघायचंय, शेवटी काय होतं.” तिचीच गोष्ट, तिचीच परवानगी. मग मी कोण बोलणारी?

वाचक भेटला त्याने आपलं नाव ‘सावकाश’ ठेवलं होतं. तिथे सगळे अशीच नावं घेऊन वावरतात. पण वाचायचा मात्र मन लावून. दुसरे छान म्हणून पुढे जायचे, हा लिहायचा की तुमच्या नायिकेच्या मनातलं मला कळलं, पण ती उभी कुठे आहे ते दिसत नाही. स्वयंपाकघरातून तिला काय दिसतं? सुनेने मग टायर दुरुस्तीचं दुकान लिहिलं, दुपारभर येणारा जळक्या रबराचा वास लिहिला. तो म्हणाला, आता दिसलं. जिना आतून आहे की बाहेरून? तिने बाहेरचा लोखंडी जिना लिहिला, त्याखालचं गंजलेलं फाटक लिहिलं. उत्तम, तो म्हणाला. मैत्रीण कामाला जाते म्हणता, पण कुठे? नुसतं काम म्हटलं की माणूस हवेत राहतो. तिने रोपवाटिका लिहिली.

आणि खरं सांगते, लिखाण सुधारत होतं. शेंगा सोलता सोलता माझे हात थांबायचे. सून नुसती फुलून आली होती. दुकानात काचा घासताना गुणगुणते, असं तिचा मालक मला सांगत होता. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिचं बघणं वाखाणलं होतं.

पण मला काहीतरी खुपत होतं. एकदा म्हटलं, “या माणसाला तुझ्या माणसांचं काही पडलेलं नाही बघ. सारखा घरच विचारतो.”

“आई, त्याला वातावरण म्हणतात.”

“वातावरणाला जिना कशाला लागतो गं?”

ती हसली. आपल्याला त्यातलं कळत नाही हे एकदा कबूल केलं की तोंड उघडायची चोरी होते.

त्या दिवशी रविवार होता. धाकटी मोरीत कपडे धूत होती, नळ चालू होता. सून माझ्याजवळ बसून नव्या प्रकरणावरचा अभिप्राय वाचत होती. हात मोडतो ते प्रकरण. सावकाशने लिहिलं होतं, प्रसंग प्रभावी आहे, एकच दुरुस्ती सुचवतो. हात डावा नको. कडी ज्या बाजूला आहे आणि ती जशी उभी होती, त्या हिशोबाने उजवाच हात सापडेल. तो उजवा करा, म्हणजे खरं वाटेल.

प्रकरणात कडी नव्हतीच. तिने जिना लिहिला होता, जिन्यावरून ढकलल्यामुळे हात मोडला असं लिहिलं होतं. मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच. कडीचं ठाऊक असलेला आमच्या घराबाहेरचा माणूस एकच होता.

“त्याला कसं कळलं तू कोण ते?”

ती पांढरीफटक पडली होती. म्हणाली, “टोपणनाव.” धाकटीच्या साखरपुड्याला तिने हौसेने स्वतःची छापून आलेली गोष्ट सगळ्यांना दाखवली होती. खाली जे टोपणनाव होतं, तेच इथे घेतलं होतं. त्याने तेव्हा ती गोष्ट वाचून तोंडभर कौतुक केलं होतं, ताई, तुम्ही फार हुबेहूब लिहिता. गाव सोडताना आम्ही फोन नंबर बदलले, बँक बदलली, आणि हे नाव मात्र तिने जिवापाड जपून बरोबर आणलं.

मी तिला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. मग नळ बंद झाला आणि धाकटी हात पुसत बाहेर आली. तिला सांगावं लागलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, “त्यांनी गावाचं नाव विचारलं का?”

विचारलं नव्हतं, आणि तिने लिहिलंही नव्हतं. एवढ्याच एका गोष्टीला धरून आम्ही बसलो. बाहेरून लोखंडी जिना आणि खाली टायरवाला, अशी घरं काय कमी आहेत जगात?

युक्ती सुनेची. खोटं प्रकरण लिहायचं. मैत्रीण घर सोडून दूर समुद्राकाठच्या गावी, मामेबहिणीकडे जाते. तिथलं घर, तिथली खिडकी, बाजार, सगळं तपशिलात. तो तिकडे शोधत फिरू दे. दुकानातून रजा घेऊन तिने ते लिहिलं. मला वाचून दाखवलं तेव्हा मला ओल्या वाळूचा वास आला, इतकं चांगलं. धाकटी घराबाहेर पडत नव्हती. प्रकरण टाकलं. त्याचं उत्तर येईना. आठवडा गेला, आणखी काही दिवस गेले. आमच्या जिवात जीव यायला लागला. गेला असेल समुद्रावर, मी म्हणायची, बसू दे वाळू मोजत. रोपवाटिकेच्या मालकिणीचा फोन आला की गाडीभर रोपं येऊन पडलीत, हात कमी पडतायत. धाकटी म्हणाली, मावशी, मी जाते, घरात बसून मला जास्त भीती वाटते. आणि गेली.

त्याच दुपारी सून दुकानातला डगला अंगात तसाच ठेवून जिना चढून आली. मोबाईल माझ्यापुढे धरला. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, तर तिनेच वाचलं.

“नवं प्रकरण वाचलं. समुद्र सुंदर आहे, पण तुम्ही तो पाहिलेला नाही. ऐकीव वाटतो. आधीची प्रकरणं डोळ्यांनी पाहून लिहिलेली होती. लोखंडी जिना, टायरवाला, रोपवाटिका, हे तिन्ही शोधत गावोगाव फिरून मी स्वतः खात्री करून घेतली. रबराचा वास तर दुपारी फारच येतो.”

धाकटीचा फोन वाजत होता, ती उचलत नव्हती. पायात काय घातलं मला आठवत नाही. त्या रस्त्याने या वयात मी कशी पळाले तेही आठवत नाही.

रोपवाटिकेत गिऱ्हाईक होतं. एक बाई गुलाबाची कलमं बघत होती, मालकीण हिशोब करत होती. तो हिशोबाच्या टेबलापाशी उभा होता, हातात एक छोटी कुंडी, पैसे काढून तयार. इस्त्रीचा शर्ट. मला बघून त्याने नमस्कार केला. धाकटी जाळीखाली उभी होती. हातमोजे काढून तिने नीट घडी घालून ठेवले होते, आणि पिशवी खांद्याला लावली होती.

मी तिच्याजवळ गेले. ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “मी जाते, मावशी. त्यांना घर माहीत झालंय. तुम्ही दिवसभर एकट्या असता.”

माझ्यासाठी निघाली होती ती. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी तिचा तोच हात धरला. दुखला असेल, पण सोडला नाही.

माझ्यामागून पळत आलेली सून पुढे झाली. तिला मी कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही नाही ऐकलं. ती म्हणाली, “त्या घरात आपण परत जातच नाही आहोत. इथून सरळ बसस्टँड.” आणि बहिणीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मालकिणीला काय समजायचं ते समजलं होतं, तिने फोन कानाला लावला.

तो आडवा आला नाही. मला वाटलं होतं येईल. बाजूला सरकून त्याने आम्हाला वाट करून दिली, आणि सुनेकडे बघून अगदी आदराने म्हणाला, “जा ना. ताईंना लिहिल्याशिवाय राहवायचं नाही. मी वाचेन.”

आम्ही खरोखरच परत गेलो नाही. भांडीकुंडी, पलंग, माझ्या आईची शाल, सगळं तिथेच राहिलं. मुलगा परस्पर नव्या गावी आला. सुनेने ते टोपणनाव टाकलं, साइट टाकली, मोबाईल साधा घेतला. आजतागायत एक ओळ लिहिलेली नाही. धाकटी पुन्हा कामाला लागलीय, कुठे ते विचारू नका. माझी झोप उडालीय ती उडालीच. पण दिवस चालले होते.

परवा आम्ही तिघी भाजी घेऊन येत होतो. सून मागे राहिली. वळून बघते तर एका घरासमोर उभी. बघतेय, आणि ओठ हलतायत.

“काय गं?” मी विचारलं.

“काही नाही, आई. नुसती बघत होते.”

धाकटीने ते ऐकलं. घरी आली, भाजी ठेवली, हात धुतले, आणि कपाटावरून आपली बॅग खाली काढली.