रिकाम्या बंदुकीची पूजा

शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर एक फोटो टांगलेला होता. गावच्या घरातला, खंडे नवमीच्या सकाळचा. पाटावर सासऱ्यांची एकनळी बंदूक, तिच्यावर हळदकुंकवाची बोटं, शेजारी कोयता आणि दोन विळे, आणि पाटासमोर उकिडवी बसलेली माझी पाच वर्षांची मुलगी. तिच्या हातात झेंडूचं फूल आहे आणि ते ती नळीच्या तोंडात खोचते आहे. फोटो नवऱ्यानं काढला होता. येणारा-जाणारा म्हणायचा, "किती गोड!" मीही म्हणायचे. त्या 'गोड'ची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझा नवरा दुबईत एका टॉवरच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर होता. सोनापूरच्या लेबर कॅम्पांतून बसनं आलेल्या मजुरांना रोज सकाळी रांगेत उभं करून तो दहा मिनिटं हिंदीत 'टूलबॉक्स टॉक' द्यायचा. हेल्मेट, बूट, कमरेचा पट्टा. एखाद्याच्या हेल्मेटची पट्टी सैल दिसली की त्या दिवशी त्याला वर चढू द्यायचा नाही. घरीही तेच. मुलगी रांगायला लागली तेव्हा त्यानं सगळ्या सॉकेटना झाकणं लावली, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर चिकटवलं. माझ्या गॅसच्या नळीवरची तारीख तो दर दोन महिन्यांनी वाचायचा आणि मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू.

मी स्वतः शहराबाहेरच्या एका नेमबाजीच्या क्लबात काउंटरवर बसायचे. लोकांचे फॉर्म भरून घ्यायचे, कानावर लावायचे मफ द्यायचे, पासपोर्टची कॉपी काढायची. मंदी आली आणि क्लबातली निम्मी माणसं एका महिन्यात आपापल्या देशी गेली. उरलेल्यांवर त्यांची कामं पडली. माझ्या वाट्याला आलं ते नवीन लोकांना रेंजवर सोडण्याआधी सुरक्षेचे नियम सांगण्याचं काम. आमच्या फिलिपिनो इन्स्ट्रक्टर बाईनं मला आठ दिवस घासून घेतलं आणि मग हिंदीत बोलणाऱ्यांना मी सांगू लागले. बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. कुणी 'रिकामी आहे' म्हटलं तरी स्वतः उघडायची, स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. नळीचं तोंड माणसाकडे कधीच नाही. बोट चापाच्या बाहेर.

क्लबातल्या बायकांच्या राखीव दिवशी एकदा एक इमिराती बाई दोन सुना आणि एक लेक घेऊन आली. चौघींना गोळी मारण्यात रस नव्हता. बंदूक उघडायची कशी, रिकामी करायची कशी, कुलपात ठेवायची कशी, एवढंच शिकायचं होतं. मी गंमत म्हणून विचारलं, शिकारीला जाणार का? ती म्हणाली, "ना हबीबती. आदमी बाहर जाता, बंदूक घर में रहता. घर में कौन? हम. तो हम को मालूम होना, खलास."

मी काउंटरमागे तशीच उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर गावची खुंटी आली.

सासऱ्यांची ती बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. तळकोकणात डुकरं आणि वानर बागायतीचा फडशा पाडतात, म्हणून बऱ्याच घरांत असते. आमच्याकडे ती माजघराच्या दाराशी खुंटीला, लहान मुलाचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. म्हणजे स्टूल घेतलं तर पोचेल एवढ्या उंचीवर. सासूबाई तिच्याखालून दिवसातून पन्नास वेळा जा-ये करायच्या. सासरे ती डुकरांमागे न्यायचे, पण बायकांपुढे वर्षातून एकदाच ती खाली उतरायची, खंडे नवमीला, आणि मग रांगोळी, पाट, हळदकुंकू, फुलं, निरांजन सगळं बायकांनी करायचं. कुंकू लावायला बाईचा हात चालतो. उघडून आत बघायला चालत नाही. ती उघडते कशी हे मला लग्नानंतर दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. नियम सांगायचा पगार घेते मी!

तेवढ्यात नवऱ्याचा टॉवर थांबला. क्रेन होत्या तशा आकाशात उभ्या राहिल्या, आणि माणसं वर चढायचीच थांबली तर त्यांच्या सेफ्टीचा ऑफिसर कशाला हवा? त्याला बिनपगारी रजा दिली. एका शुक्रवारी जेवताना त्यानं जाहीर केलं, "दिवाळीपर्यंत दुसरं काही जमलं नाही तर तू आणि पिल्लू गावाला जा. मी इथे कुणाच्या तरी खोलीत एका खाटेपुरती बेडस्पेस घेऊन राहतो. तिची स्कूल तिकडे बघू."

मला विचारलं नाही, सांगितलं. पण त्या दिवशी मी भांडले ते त्यावरून नाही. मी म्हटलं, "त्या घरात बंदूक आहे. आधी ती कुलपात जाईल, आणि ती रिकामी आहे की नाही हे बघायला घरातल्या प्रत्येकाला येईल. मग मी मुलीला नेईन."

"रिकामीच असते," तो म्हणाला.

"कुणी बघितलं?"

"अगं, बाबा चाळीस वर्षं वापरतायत. आता मी त्यांना टूलबॉक्स टॉक देऊ?"

"सोनापूरच्या माणसांना देतोस ना?"

"ते वेगळं."

 लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी काचेचं ताट उचलून सिंकमध्ये आपटलं, त्याचा टवका उडाला, आणि तो टवका कचऱ्यात नीट गुंडाळून टाक, कुणाच्या हाताला लागेल, असं हा माणूस मला म्हणाला.

एप्रिलमध्ये सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. मुलासाठी कुळथाचं पीठ, नातीसाठी खाजं, आणि चेहऱ्यावर काळजी. नोकरीचं त्यांना कळलं होतं. नवरा रोज इंटरव्ह्यूच्या नावाखाली बाहेर पडायचा. एके दिवशी तो रास अल खैमाला कुठल्याशा सिमेंट फॅक्टरीत गेला होता, बायकांचा दिवस होता, मी सासूबाईंना आणि मुलीला घेऊन क्लबात गेले. त्यांना खरं कारण सांगितलं नाही. "माझं ऑफिस बघा," म्हटलं.

मुलीला काचेमागे बसवलं. इन्स्ट्रक्टर बाईनं टेबलावर बंदूक आणून ठेवली. क्लबातली दुनळी, गावातली एकनळी, पण उघडायची रीत तीच. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, पायांतल्या चपला काढल्या आणि हात जोडले. इन्स्ट्रक्टर बाई माझ्याकडे बघू लागली. मला हसूही आलं आणि रडूही.

"आई, हात जोडू नका. हात लावा."

"माका नको गो. बायकांनी हात लावूचो नसता."

"तुमची नात दिवाळीनंतर त्या घरात राहणार आहे. बाबा बागेत, बाजारात. घरात तुम्ही, मी आणि ती. आता सांगा कुणी लावायचा."

त्यांनी काचेमागच्या नातीकडे बघितलं. मग पदर कमरेला खोचला. वरचा खटका अंगठ्यानं बाजूला सारायचा, नळी खाली झुकते, मागचं तोंड उघडतं, आत बघायचं. पहिल्यांदा नळी झुकली तेव्हा त्या दचकल्या. मग वाकून आत बघितलं आणि म्हणाल्या, "उजेड दिसता." पलीकडचा उजेड दिसला म्हणजे रिकामी. याहून सोपी व्याख्या मी आजवर कुणाला सांगू शकलेले नाही. चाळीस वर्षं ज्या बाईला 'तुला काय कळतंय' म्हणत आले, तिला हे शिकायला दहा मिनिटं लागली. 

घरी आल्यावर सराव सुरू झाला. मॉपच्या दांड्यावर. मास्तर माझी मुलगी. तिनं काचेमागून सगळं बघितलं होतं. "आजी, फिंगर आउट! आजी, डोंट पॉइंट ॲट मी!" सासूबाई दांडा भिंतीकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, "व्हय गो मास्तरणी." तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं ते पाहिलं.

"हे काय चाललंय? आईला बंदूक शिकवतेस? बाबांना कळलं तर काय वाटेल त्यांना?"

"त्यांना काय वाटेल याचाच विचार कर तू. आम्हाला काय होईल याचा मी करते."

"ओव्हररिॲक्ट करतेयस. मंदीचं टेन्शन तू बंदुकीवर काढतेयस."

माझ्या रागाला तो नेहमी असं दुसरंच काही नाव द्यायचा. सासूबाई मॉपचा दांडा हातात धरून मधे उभ्या होत्या.  गावी परतताना एअरपोर्टवर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नवमीक फोन कर. मी बघून सांगतंय." त्याआधी त्यांना ती खुंटीवरून उतरवता येणार नव्हती, हे दोघींना ठाऊक होतं.

ते चार-पाच महिने मला फार लांब गेले. रास अल खैमाच्या फॅक्टरीनं 'इन्शाल्ला नेक्स्ट मंथ' असं तीनदा सांगितलं. मुलीच्या शाळेत दाखल्याचा अर्ज तयार होऊन पडला होता. गणपती झाले, नवरात्र बसलं. नवमीच्या सकाळी मी क्लबात उशिरा येते म्हणून कळवलं आणि गावाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. नवरा सोफ्यावर चहा पीत होता. मुलगी युनिफॉर्ममध्ये बुटांची लेस बांधत होती.

"आई, पाट मांडला?"

"मांडलंय. कुंकू लावूचा ऱ्हवला. थांब." मग सासऱ्यांचा आवाज लांबून आला, "फोनार काय बोलतस मगेपासून?" आणि मग एक खटका वाजला. तो आवाज मी दिवसातून शंभरदा ऐकते. नळी उघडल्याचा.



"आई, उजेड दिसतो?"

"नाय गो," सासूबाई म्हणाल्या. "ह्यात काडतूस असा. तांबडा."

मागून सासरे ओरडले. "ठेय ती खाली! रिकाम्या हत्याराची पूजा करतत काय खय? दर वर्सा घालतंय मी. उद्या शिवेर उडवूचा असता!"

दर वर्षी. सुवासिनीला रिकाम्या ओटीनं पाठवत नाहीत, रिकामं भांडं परत देत नाहीत, तशी रिकामी बंदूक पूजत नाहीत. म्हणून नवमीच्या सकाळी काडतूस आत, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघनाला गावाच्या शिवेवर बार. मधला दीड दिवस ती पाटावर. निरांजनाशेजारी. त्या घरातल्या बायका, मुली, शेजारच्या पोरीबाळी, सगळ्या तिच्यासमोर बसून कुंकू लावतात.

"चाळीस वर्सां मी हेच्यासमोर बसतंय," सासूबाई म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मग काडतूस ताटात ठेवल्याचा आवाज आला. "ह्या काडतुसाक येगळा कुंकू लावतंय. बंदूक आता रिकामी, आणि पूजा तशीच होतली." सासरे काहीतरी बोलत राहिले. त्यांच्या आवाजावर आवाज चढवून त्या मला म्हणाल्या, "सूनबाय, मी सांगीपर्यंत नातीक हंय आणू नको." आणि फोन ठेवला.

मी नवऱ्याकडे वळले. मला वाटलं, त्याचाही चेहरा माझ्यासारखा पांढरा पडला असेल. तो पांढरा पडला नव्हता. त्यानं कप खाली ठेवला होता आणि तो जमिनीकडे बघत होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"अगं, लहानपणापासून तसंच..."

"तुला माहीत होतं आणि तू मला 'रिकामीच असते' म्हणालास."

"एरवी रिकामीच असते. हे फक्त नवमीला. कधी काही झालंय का?"

कधी काही झालंय का. हेच वाक्य साइटवर कुणी मजूर बोलला की हा त्याला गेटबाहेर काढायचा. 

मुलगी लेस सोडून उठली होती. टीव्हीखालच्या स्टुलावर चढून ती फोटोकडे बघत होती. हा फोटो आम्ही सगळ्यांनी दोन वर्षं बघितला होता. नळीचं तोंड कुठे आहे, हे आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं. तिनं नळीवरून बोट फिरवत फिरवत स्वतःच्या छातीपर्यंत आणलं.

"बाबा," ती म्हणाली, "इट वॉज पॉइंटिंग ॲट मी. यू टोल्ड मी टू स्माइल."

तो उठला. तिला कडेवर घेऊन खाली उतरवलं आणि फोटो खिळ्यावरून काढायला हात वर केला.

"राहू दे तो," मी म्हटलं. "आधी तिला उत्तर दे."