अंगठ्यावरची फटफटी

रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्यात फटफटी आणणारा पहिला माणूस गुणाजी. आणली म्हणजे चालवत नव्हे, बैलगाडीत घालून. आणि तिच्या बैठकीखाली एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. मी त्याचा शेजारी, गावच्या शाळेचा मास्तर. पुढच्या वर्षभरातली ठोकाठोकी माझ्या कानांनी जितकी सोसली तितकी दुसऱ्या कुणाच्या कानांनी सोसली नसेल.

गुणाजी मूळचा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, सुकाणू धरणारा. वीस वर्षं त्याने ते धरलं. १९३१ साली जाळ्याच्या दोराच्या फासात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मूठ आवळेना, तेव्हा सुकाणू धाकट्या भावाकडे, विठोबाकडे गेलं. भांडण नाही, तंटा नाही. पण त्या दिवसापासून वाड्यात कुणी 'तांडेल' अशी हाक मारली की विठोबा ओ देऊ लागला. गुणाजीची बायको नीराबाई लग्नापासून नवऱ्याला तांडेलच म्हणायची. त्याच्या जिवाला लागेल म्हणून तिनेही तो शब्द टाकला आणि नुसत्या 'अवो'वर आली. गुणाजी किनाऱ्यावर बसून विठोबाची जाळी दुरुस्त करायचा आणि कुणाशी फारसं बोलायचा नाही. मला ते बघवत नसे.

ही फटफटी चौलच्या एका बंगल्याच्या वाडीत बारा वर्षं पडून होती. साहेब विलायतेला गेला तो गेलाच. दर शनिवारी ताजी मासळी या बोलीवर राखणदाराने ती देऊन टाकली.

"हिला मूठ लागत न्हाय, मास्तर," गुणाजीने मला पहिल्याच दिवशी दाखवलं. हँडलावर बोटाएवढी एक खिट्टी होती. ती सरकवली की इंजिनाचा वेग वाढे. "नुसता अंगठा पुरं. आन अंगठा हाय माझा!" एवढ्यासाठी तो सांगाडा घरी आला होता.

नीराबाईने मुदत घातली. "फुडल्या शिमग्यापर्यंत चालली न्हाय तर होळीत टाकीन."

"लोखंड जळतं व्हय?"

"मग खाडीत टाकीन."

दिवसा जाळी, संध्याकाळी फटफटी असं सुरू झालं. गंज उतरवता उतरवता घरातली वर्षाची चिंच संपली. बैठकीला शिडाचं कापड शिवून आत काथ्या भरला. अलिबागच्या भातगिरणीत इंजिनावर असलेला काळूराम रविवारी येऊन शिकवायचा. ठिणगी पाडणारा डबा दमटला होता. काळूराम म्हणाला, उन्हात वाळव. तर या पठ्ठ्याने तो बोंबलांच्या मांडवावर, बोंबलांच्या रांगेतच टांगला. वाळला मात्र खणखणीत.

माघात इंजिन पेटलं, पण चाक काही फिरेना. गुणाजीने चामड्याच्या नव्या पट्ट्याला मुशी माशाचं तेल चोपडलं होतं, आम्ही होडीच्या लाकडाला चोपडतो तसं. पट्टा जागच्या जागी घसरत होता आणि वाड्यातली यच्चयावत मांजरं भोवती जमली होती.

"पट्ट्याला तेल?" काळूरामने कपाळावर हात मारला. "अरं, मग तो चाक धरंल कशाला?"

पट्टा राखेने धुतला, होडीच्या फटी बुजवायची राळ त्यावर घासली, तेव्हा कुठे त्याने चाक धरलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी ओहोटीच्या घट्ट वाळूवर सगळा कोळीवाडा जमला. होड्या किनाऱ्याला होत्या, त्यामुळे विठोबाही आला होता. काळूरामने पुन्हा पुन्हा बजावलं, "जिकडं जायचं तिकडंच हँडल वळव." गुणाजीने मान हलवली. चौघांनी ढकललं, इंजिन फटफटलं आणि गुणाजी निघाला. पाठ ताठ, मान वर, नजर लांब पाण्यावर. मला तीन वर्षांपूर्वीचा गुणाजी दिसला आणि, सांगायला लाज कसली, माझे डोळे भरून आले.

डाव्या हाताला बोंबलांचे मांडव आले तेव्हा त्याला उजवीकडे वळायचं होतं. आता होडी उजवीकडे न्यायची तर सुकाणूचा दांडा डावीकडे लोटावा लागतो. वीस वर्षांचे हात ते. त्यांनी काळूरामचं काही ऐकलं नाही. त्यांनी हँडल डावीकडे लोटलं आणि फटफटी थेट मांडवात घुसली. मांडवही नीराबाईचाच.

लोक पोट धरधरून हसले. गुणाजी वाळूत बसला होता, कानांवर बोंबील लोंबत होते. तो हसला नाही. उजव्या हाताकडे बघत म्हणाला, "ह्यो हात गेला तो गेलाच."

नीराबाई तरातरा आली. आता फटफटी खाडीत जाणार, असंच सगळ्यांना वाटलं. तिने त्याच्या खांद्यावरचा एक बोंबील काढला, मग दुसरा. आडव्या पडलेल्या फटफटीचं इंजिन अजून चालूच होतं.

"हात कुटं गेला?" ती म्हणाली. "त्याच्या सारं ध्यानात हाय. होडीवानी लोटलंत म्हनून हितं आलात." मग पदर खोचून तिने सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला. "उठा, तांडेल! पुन्हा धरा. आन मना बाजाराला घेऊन चला."

विठोबा तिथेच उभा होता. ओ गुणाजीने दिली.