मौनीचा वस्तरा आणि आरशामागचा डबा

...तर मौनीनं वस्तरा गिऱ्हाइकाच्या कानाखाली आणला आणि त्याचा खांदा आपोआप वर उडाला, इथवर काल आलो होतो. पातं अजून कातडीला टेकायचं होतं म्हणून निभावलं. गिऱ्हाईक डोळे मिटून पडलेलं, त्याला पत्ताच नाही. पाहिलं ते शेजारच्या खुर्चीशी कात्री चालवणाऱ्या धाकट्या भावानं, आरशातून. त्याची कात्री तशीच अधांतरी राहिली.

मौनी म्हणजे दोघा भावांतला थोरला. न्हाव्याची कात्री आणि जीभ एकदमच चालते, असं लोक म्हणतात. ह्या माणसाचं सगळंच उलटं. वस्तरा गळ्यावर असेपर्यंत हा तोंडातून अक्षर काढायचा नाही. गिऱ्हाईक बाजारभाव विचारो, नाहीतर शेजारी आग लागल्याची बातमी देवो, हा फेस पुसून झाल्यावर शांतपणे म्हणणार, "हं, काय म्हणालात?" म्हणून नाव पडलं मौनी. दुकानातली वाटणीही तशीच पक्की. कात्री धाकट्याची, वस्तरा थोरल्याचा. बापानंच तशी लावून दिलेली. धाकटा पन्नाशीला टेकला, डोक्यावर स्वतःचे केस उरले नाहीत, तरी त्याला चामड्याच्या पट्ट्यावर पातं परजायचीसुद्धा मुभा नव्हती. "तुझा हात केसांचा. गळ्याचा हात वेगळा असतो," एवढं थोरला म्हणाला की विषय संपला.

आणि नेमका त्या गळ्याच्या हाताला कंपवात जडला.

तो आजारही मोठा लबाड बघा. हात रिकामा बसला की थरथरायचा, कामाला लागला की शहाण्या पोरासारखा गप्प. त्यामुळे दुकानात बरेच दिवस कुणाला सुगावा लागला नाही. मौनी हातात सारखं काहीतरी धरून असायचा, कंगवा, फडका, तुरटीचा खडा. पण घरी जेवताना बोटांखालची वाटी वाजायला लागली आणि त्याच्या बायकोनं, म्हणजे धाकट्याच्या वहिनीनं, त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी बोटं हलवायला लावली, खोलीत चालवून पाहिलं, गोळ्या दिल्या, वेळा ठरवून दिल्या. गोळ्यांनी फरक पडला, नाही असं नाही. पण एकीचा जोर ओसरून दुसरी लागू पडेपर्यंत हात दगडासारखा जड व्हायचा. आणि संध्याकाळी कामावरून सुटलेली गिऱ्हाइकं दाढीला येणार ती त्याच वेळेला.

तेव्हा मैदानात उतरली ताई, दोघांची थोरली बहीण. तिच्या कुंपणावर खाजकुइलीचा वेल होता. कंपवाताला त्याच्या बिया देतात, असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. आता ह्या शेंगेवरची लव अंगाला लागली की भला माणूस उभ्या जागी नाचतो. ताईनं दोन्ही हातांत मोजे चढवले, नाकातोंडाला फडकं बांधलं, शेंगा फोडल्या, बिया दुधात उकळल्या, सालं काढून वाळवल्या, दळल्या. सगळं यथासांग पार पाडलं आणि शेवटी त्याच मोज्यानं कपाळाचा घाम पुसला. त्यानंतर बरेच दिवस तिच्यासमोर हसायची घरात कुणाची छाती झाली नाही.

"हे औषध नाही रे, साधी बी आहे," पुडा देताना ती मौनीला म्हणाली. "गोळ्या गोळ्यांच्या जागी, हे ह्याच्या जागी. चमचाभर घेत जा."

मौनीनं घेतली आणि संध्याकाळचा हात हलका झाला. वहिनीनं हजार प्रश्न विचारू नयेत म्हणून पूड त्यानं घरी नेलीच नाही. दुकानात पावडरीचा एक रिकामा डबा होता, त्यात भरून आरशामागे सारली. चमचा नव्हता, म्हणून डब्याच्या झाकणानं मापायला लागला. पुढे झाकण भरून, मग वर शीग लावून.

त्यानंतरच खांदा उडायला लागला, मान झोके घ्यायला लागली. धाकटा त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाई चक्रावल्या. "एवढ्याशा गोळीनं असं व्हायला नको. दुसरं काही घेता का?"

"काही नाही," मौनी म्हणाला. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

बाईंनी गोळी कमी केली. मौनीनं झाकण वाढवलं. धाकट्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो फक्त आरशातून पाहायचा आणि प्रत्येक दाढी संपेपर्यंत श्वास धरून ठेवायचा.

मग आले पोस्टमास्तर, केस कापायला. केस झाले, मानेवर पावडर मारायची तर डबा संपलेला. मौनी पाणी आणायला मागे गेला होता. धाकट्यानं आरशामागे हात घातला, हाताला डबा लागला, ब्रशवर भुकटी घेतली आणि पोस्टमास्तरांच्या मानेवर सढळ हातानं फिरवली.

"अरे, हे काय फासलंस? जुन्या पोत्यासारखा वास येतोय," पोस्टमास्तर म्हणाले. पुढचं बोलायला त्यांना सवड मिळाली नाही. ताईच्या मोज्यांतून निसटलेली थोडी लव त्यात राहिली असणार. पोस्टमास्तर खुर्चीवरून उठले ते मान खाजवत, कॉलर खाजवत, दाराच्या चौकटीला पाठ घासत रस्त्याला लागले.

एरवी दोघे भाऊ पोट धरून हसले असते. मौनी घागर घेऊन दारात उभा होता, आणि घागरीतलं पाणी हिंदकळत होतं.

"दादा, हे काय आहे?"

वस्तरा हातात नव्हता, तरी मौनी गप्प.

"ताईनं दिलंय?"

"बी आहे. औषध नाही."

"किती घेतोस?"

"लागेल तेवढं."

"डॉक्टरीणबाईंना एका शब्दानं बोलला नाहीस."

"बोललो की त्या बंद करणार. हे बंद म्हणजे हात बंद. हात बंद म्हणजे दुकानाचं शटर अर्धं खाली."

"आणि कुणाचा गळा चिरलास म्हणजे?"

तेवढ्यात कापडवाले आत आले आणि सवयीनं मौनीच्या खुर्चीत बसून मान मागे टाकली. मौनीनं घागर ठेवली, वस्तरा उघडला. खांदा उडत होता. धाकटा दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा.

"आज दाढ्या बंद आहेत," तो म्हणाला.

"का, वस्तऱ्याला सुट्टी दिलीत की काय?" कापडवाले पुटपुटत उठले आणि गेले.

मौनीनं वस्तरा पट्ट्यावर धरला आणि परजायला लागला. चर्र, चर्र. धाकट्याला वाटलं, आता हा आपल्याला घराबाहेर काढतो. पातं परजून झालं. मौनी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि वस्तरा मुठीकडून धाकट्यापुढे धरला.

"कर. माझी."

धाकट्यानं फेस लावला, पण पातं उचलवेना. समोरचा गळा जागेवर नव्हताच. मान डावीकडे जायची, क्षणभर ठरायची, उजवीकडे निघायची. शिरा दिसत होत्या. धाकट्यानं डाव्या हातानं हनुवटी हलकेच धरली, रोखली मात्र नाही. हात मानेबरोबर जाऊ दिला. जिथे ती ठरत होती, तिथे पातं टेकवून एवढीशी ओढ, आणि लगेच उचल. पुन्हा वाट. पुन्हा ओढ. एकदा मान मध्येच फिरली आणि पातं हवेत राहिलं. धाकट्याच्या कपाळावरचा घाम थोरल्याच्या शर्टावर पडला.

शेवटी फेस पुसला, तुरटी फिरवली. कुठेच झोंबली नाही. मौनीनं गालावरून उलटा हात फिरवला.

"कानाखाली दोन केस राहिलेत," तो म्हणाला.

असल्या शब्दांत त्यानं आजवर कुणाचं कौतुक केलं नव्हतं. धाकट्यानं तोंड फिरवून झाडू शोधायचं नाटक केलं.

दुसऱ्या दिवशी मौनीनं स्वतःच तो डबा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी झाकण उघडलं, वास घेतला. शेजारी बसलेल्या धाकट्याला वाटलं, आता डबा थेट टोपलीत जाणार.

"बी खोटी नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या गोळीत जे आहे ना, तेच ह्या बीमध्येही असतं. पण ह्या झाकणात किती, ते ना तुम्हाला ठाऊक ना मला. मी इकडे मोजून देते आणि तुम्ही वरून न मोजता ओतता. म्हणून अंग असं नाचतंय. आता घाबरून एकदम काही बंद करू नका. पूड कशी उतरवायची, गोळी कशी बसवायची, ते मी सांगेन तसं करू. हात मात्र पहिल्यासारखा होईल, असं वचन देत नाही." त्यांनी झाकण लावलं. "पण मी दोनदा विचारलं होतं. तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मौनीनं थरथरता हात दुसऱ्या हातात धरला आणि म्हणाला, "गळ्यावर वस्तरा असताना मी बोलत नाही, बाई. तेव्हा तो माझ्याच गळ्यावर होता. काल धाकट्याकडे दिला, आता विचारा काय विचारायचं ते. फक्त ताईला रागावू नका, तिच्या कपाळाची खाज अजून गेलेली नाही."