समुद्रासाठी चहा बंद

आमचं घर जळगावच्या एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. घर भाड्याने घेताना नवरा म्हणाला होता, "किती सोयीचं आहे बघ!" सोयीचं होतंच, पण कुणाच्या सोयीचं, ते त्याने सांगितलं नव्हतं. त्याचं गाव धुळ्याकडे, माझं माहेर बोदवड, आणि मधल्या टापूत पाचोऱ्यापासून रावेरपर्यंत दोन्हीकडचे नातेवाईक पेरल्यासारखे उगवलेले. यातल्या कुणाचाही दात दुखला, कोर्टाची तारीख लागली, लग्नाचा बस्ता बांधायचा झाला, की तो जळगावला येणार आणि आमच्या दारात चपला काढणार. काही जण नुसतेच 'सहज' यायचे. दातवाला संध्याकाळच्या गाडीने परत तरी जायचा, सहज आलेला मुक्काम करायचा.

नवरा तापाने गेला, पण पाहुणे काही गेले नाहीत. उलट वाढले. 'एकटी बाई आहे, चक्कर मारली पाहिजे' हे एक कारण त्यांना जास्तीचं मिळालं. मी त्याच्या जागी कचेरीत कारकून म्हणून लागले होते. कमावणारी मी एकटी, जेवणाऱ्या आम्ही दोघी, आणि चहा पिणारे किती, ते विचारू नका.

लेक तेव्हा चौथीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे जायचं, असं मी तिला त्या वर्षी कुठल्या लाडात विचारलं कोण जाणे. मला वाटलं, बोदवड म्हणेल, नाहीतर दीपनगरची मावशी म्हणेल. ती म्हणाली, "जिथे आपलं कुणीच नाही, अशा गावाला."

"म्हणजे गं?"

"म्हणजे जिथे कुणी माझ्या डोक्यावरून हात फिरवून 'बिच्चारी' म्हणणार नाही."

मी पोळी लाटत होते ती लाटतच राहिले. पोळी पार पोळपाटाबाहेर गेली. पोरगी बोलली ते खरंच होतं. ज्या घरी जावं तिथली बाई आधी तिला छातीशी धरून रडणार, मग लाडू देणार, आणि ती लाडू खाते कशी ते डोळे पुसत बघत बसणार. असा लाडू कुणाच्या घशाखाली उतरेल? मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. नऊ वर्षांच्या पोरीला लपायला गाव लागावं!

"समुद्राला जाऊ," मी म्हटलं. मी स्वतःही समुद्र पाहिलेला नव्हता, आणि आमच्या दोन्ही खानदानांत पाण्याजवळ राहणारे जे कोणी होते ते विहिरीजवळच राहत होते. "आपण दोघीच. शब्द दिला."

शब्द देऊन बसले, आणि मग घरखर्चाच्या मागे लागले. आधी दुधाचा रतीब अर्धा केला. नहाणीतला साबण दोऱ्याने कापून त्याचे तुकडे डब्यात ठेवले. त्यातला एक तुकडा लेकीने खडीसाखर समजून चाखला, आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. रावेरच्या मावसभावाने केळीचा घड पाठवला, तेव्हा आठवडाभर भाजी आणायचीच नाही असं ठरवलं. कच्च्याची भाजी, पिकत आलेल्याची कोशिंबीर, पिकलेल्याचं शिकरण, आणि काळ्या पडलेल्याचं जे काय झालं त्याला नाव नव्हतं. शेवटी शेवटी लेक ताटाकडे न बघताच "आज कुठल्या रंगाचं?" असं विचारायची.

सगळ्यात थोर अक्कल मी दिव्याच्या बाबतीत लढवली. घरात खोल्या दोन आणि बल्ब एक! स्वयंपाक झाला की बल्ब फडक्याने धरून काढायचा आणि बाहेरच्या खोलीत लावायचा. लेक अंधारात "डावीकडे, डावीकडे" म्हणून ओरडायची. तिसऱ्याच संध्याकाळी फडकं निसटलं, गरम बल्ब माझ्या हातावर आला आणि मी तो असा काही भिरकावला की शेजारच्यांच्या तुळशीत जाऊन फुटला. त्यांची कुंडी भरून द्यावी लागली ते वेगळंच.

एवढं सगळं करून हातात काय, तर काहीच नाही. मग एक दिवस मी रिकामा साखरेचा डबा घेऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई गं, तू साबण काय कापत बसलीस! भोक तर इथे आहे. मी त्याच दिवशी ठरवलं, सुट्टीपर्यंत चहा बंद.

आता हे पाहुण्यांना सांगायचं कसं? 'परवडत नाही' म्हणावं तर सासरचं सगळं गाव खाली मान घालणार. 'समुद्राला जायचंय' म्हणावं तर नवरा मेलेली बाई हौसेने फिरायला निघाली म्हणून तोंडाला पदर लावणार. देवाला जा, कुणी अडवत नाही. पण नुसतंच पाणी बघायला जायचं? म्हणून मी कारण सांगायचंच नाही असं ठरवलं. इथेच माझं चुकलं.

पहिले सापडले आबा. आबा म्हणजे माझे चुलत सासरे. शेताच्या बांधाचा त्यांचा एक दावा होता, तो माझ्या लग्नाच्याही आधीपासून चालू होता. ते तारखेला आले. मी पाण्याचा तांब्या ठेवला. ते पाणी प्यायले आणि थांबले. मी आणखी पाणी दिलं. तेही प्यायले. मग स्टोव्हचा आवाज का येत नाही म्हणून मान लांब करून आत बघायला लागले.

"आबा," मी म्हटलं, "आम्ही चहा सोडला."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कवयपाईन?"

"सोमवारपासून."

त्यांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. उठले आणि कोर्टात न जाताच मिळेल त्या एसटीने गावी परतले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तारीख चुकवली. मला वाटलं, वा, काय सोपं काम झालं!

आमच्याकडे माणूस जेवण सोडतो ते उपासाला. चहा कुणी सोडत नाही. मरणाच्या घरीसुद्धा शेजारीण आधी चहाची किटली घेऊन येते. त्यामुळे 'सून चहा सोडून बसली' ही बातमी गावात पोचली तेव्हा लोकांनी आपापल्या अकलेप्रमाणे अर्थ लावले. कुणी म्हणालं, मोठ्ठा आजार आहे, सांगत नाही. कुणी म्हणालं, नोकरी गेली. एका जावेने तर सांगून टाकलं की, ती आता घरदार सोडून कुठल्यातरी मठात जाऊन बसणार आहे.

आणि मग जी रीघ लागली! बोदवडहून भाऊ ज्वारीची गोणी खांद्यावर घेऊनच आत शिरला. "काय झालं वं बाई? मले काऊन नाही सांगितलं?" म्हणत माझ्याआधी तोच रडला. पाचोऱ्याची चुलतनणंद एका वैद्याची पुडी आणि तुरीची डाळ घेऊन आली. कुणी गूळ आणला, कुणी शेंगदाणे, कुणी अंगारा. अंगारा आणणाऱ्या मामींनी तो माझ्या कपाळाला लावला, लेकीच्या लावला आणि उरला तो स्टोव्हलाही लावला. घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. लेक पलंगाखाली अभ्यास करायला लागली, कारण तिथे कुणाचा हात तिच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता.

वर सगळ्यांनी चहाची पुडी बरोबर आणलेली! "तुले त्रास नको, आमचा आम्ही करतो." पुडी त्यांची, पण दूध, साखर आणि रॉकेल माझं. पूर्वी दिवसाला दोनदा होणारा चहा आता अखंड चालू झाला. माझा अर्धा रतीब होता, तो दुप्पट करावा लागला. मी रडकुंडीला आले, तर "बघा, किती खंगली" म्हणून त्यांनी आणखी एक आधण ठेवलं.

शेवटी अक्का आली. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्याला लहानाचं मोठं तिनेच केलं होतं. सगळं गाव तिला टरकायचं आणि मी तर जरा जास्तच. ती आली, खोलीच्या मधोमध बसली, बाकीच्यांना हाताने गप्प केलं आणि म्हणाली, "काय व्हयनं वं तुले? बठ्ठं सांग."

तेवढ्यात मागून, अक्काबरोबर परत आलेल्या आबांचा आवाज आला, "साखर जरा कमी पडनी."

झालं! माझं डोकंच फिरलं. "काही झालेलं नाही मला!" मी ओरडले. "आजार नाही, नोकरी आहे, मठात जात नाही! माझ्या पोरीला समुद्र बघायचाय, त्यासाठी चार पैसे बाजूला टाकत होते, आणि तुम्ही सगळे मिळून माझा समुद्र पिऊन टाकताय! तिला अशा गावाला जायचंय, जिथे तुमच्यातलं कुणीसुद्धा नाही!"

बशीवर फुंकर घालणारे आबा फुंकर अर्धी सोडून थांबले. भावाने मान खाली घातली. मला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"असं गाव शे?" अक्काने विचारलं.

"कसं?"

"जठे आपलं कोनीच नही?"

"असेल की."

"मंग माले बी संगे लई चाल," अक्का म्हणाली. "जठे गऊ तठे कोनी ना कोनी माले चुल्हाजोडेच बसाडं. साठ वरीस व्हयनात रांधी रांधी."

संध्याकाळपर्यंत घर रिकामं झालं. ज्वारी, डाळ, गूळ, शेंगदाणे परत न्यायला कुणीच तयार नव्हतं. पुढचे दोन महिने मी किराणा दुकानाची पायरी चढले नाही, आणि आमचा समुद्र निघाला तो असा. चहा मी दुसऱ्याच दिवशी गुपचूप सुरू केला. अक्काला न्यायचं का, हे मात्र लेकीला विचारणं भाग होतं, कारण शब्द दोघींचा होता. तिने पलंगाखालूनच विचार केला. "अक्का चालेल," ती म्हणाली. "ती बिच्चारी म्हणत नाही. ती 'नाक पूस' म्हणते."

एका गाडीत पोचता येईल असा समुद्र सुरतेचाच होता. सुरत पॅसेंजरमध्ये अक्का गाठोडं मांडीवर घेऊन राणीसारखी बसली होती. कुठे निघालात, असं कुणी विचारलं की छाती फुगवून सांगायची, "आम्ही कोनाकडेच जात नही!" डबा हादरला. नंदुरबारला चढलेल्या एका बाईला तर इतकी काळजी वाटली की ती सुरतेजवळच्या उधन्याच्या आपल्या नणंदेचा पत्ताच द्यायला लागली. सुरतेत अर्धा खानदेश कामाला गेलेला, हे आमच्या ध्यानातच नव्हतं. लेकीचा चेहरा उतरला. अक्काने दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "नको वं माय, दया कर."

रात्र धर्मशाळेत काढून दुसऱ्या दिवशी बसने डुमसच्या किनाऱ्याला पोचलो. बघतो तर समुद्रच नाही! लांबच लांब काळी वाळू आणि चिखल. आयुष्यात एकदा आम्ही पाहुणे म्हणून कुणाकडे गेलो, आणि यजमान घरी नाहीत! मला असा संताप आला की मी भजीवाल्याशीच भांडायला निघाले. तो हसला आणि ओहोटी आहे, संध्याकाळी येईल, असं त्याने हातवारे करून समजावलं. मग आम्ही त्याच्याकडची टोमॅटोची भजी खात समुद्राची वाट बघत बसलो. लेक वाळूत लोळली, ओरडली, उलट्या उड्या मारत सुटली, आणि एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर कुणीही तिच्याकडे वळून बघितलं नाही. मी तिला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

उन्हं उतरली तसा तो आला. निळा नव्हताच, चांगला मातकट होता. अक्काने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, पाण्यात उतरली, ओंजळ भरून बघितली आणि भजीवाल्याला ओरडून विचारलं, हे पाणी असं कसं? तो म्हणाला, तापी इथेच तर येऊन मिळते, त्या बाजूला.

"तापी?" अक्का म्हणाली. "आपली तापी?"

ती ओंजळ तशीच धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग मना भाऊ बी आठेच उना व्हई."

त्याच्या अस्थी आम्ही चांगदेवला तापीत सोडल्या होत्या. ते पाणी पुढे कुठे जातं, हा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. अक्का मात्र कमरेवर हात ठेवून समुद्राला झापायला लागली, "आठे ईसन बठना का रे? देख, तुनी पोर कितली मोठी व्हयनी!"

लेक माझ्याशेजारी पाण्यात उभी होती. तिने माझं बोट पकडलं. "पण अक्का," ती म्हणाली, "मध्ये हतनूरचं धरण आहे. पुढे उकाईचं आहे. आम्हाला भूगोलात आहे. सगळं तिथेच अडतं."

"धरनले दरवाजा नही का?" अक्का म्हणाली.

लेकीने मान वर करून मला विचारलं, "उघडतात का गं ते?"

"उघडतात," मी म्हटलं. "दर पावसाळ्यात उघडतात."

"मग अजून थोडा वेळ थांबू या इथे," ती म्हणाली.