मरीमायच्या पायाशी राहिलेलं हॉलतिकीट

फेब्रुवारी संपत आला आणि भिंतीपलीकडून शेजारच्या मुलीचं पाठांतर ऐकू यायला लागलं, की मी आजही सकाळी नकळत पर्समध्ये चार जास्तीचे पेन टाकते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. ते पेन आता कुणाला द्यायचे नसतात. पण सवय जाता जात नाही, आणि त्या पेनांबरोबर एक आठवणही दर वर्षी पर्समध्ये येऊन बसते. ती सांगायची तर आधी माझी चूक सांगावी लागते, म्हणून इतकी वर्षं टाळत आले.

मी गणिताची बाई. वाशीमहून रिसोडच्या एसटीत बसायचं, रिठद मागे टाकलं की पुढच्या एका फाट्यावर उतरायचं आणि पायी गावात जायचं, असं माझं निम्मं आयुष्य गेलं. शिकवायची हौस होती, पण जीभ तिखट. मुलांच्या भल्यासाठीच बोलतो असं आम्ही शिक्षक मनाला समजावत असतो. त्या वर्षी तर आमच्या छोट्या शाळेला शंभर टक्के निकालाचं वेड लागलं होतं. त्यात सगळ्यात पुढे मीच होते.

दहावीत कोमल नावाची मुलगी होती. मराठीचा निबंध असा लिहायची की वाचत राहावं. गणिताच्या तासाला मात्र तिचा चेहरा पांढरा पडायचा. पूर्वपरीक्षेत तिला गणितात अकरा गुण मिळाले. पेपर परत देताना मी भर वर्गात म्हणाले, “कोमल, यंदा तू परीक्षेला बसली नाहीस तर बरं. शाळेचा निकाल तरी वाचेल.” वर्ग हसला. मीही हसले, हे लिहिताना आज मान खाली जाते.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. आई-बापासोबत हरभरा सोंगायला जाते, असं मुलींनी सांगितलं. मी शिपायाच्या हाती दोनदा निरोप धाडला. स्वतः गेले नाही. तिचं घर शाळेपासून शंभर पावलांवर होतं, पण ती शंभर पावलं मला जड झाली. माफी मागायची वेळ आली की आम्हा मास्तर लोकांचे पाय लगेच दुखायला लागतात.

हॉलतिकिटं आली. सगळ्यांनी नेली, कोमलचं माझ्या पर्समध्येच राहिलं. त्यावर तिचा फोटो होता, दोन वेण्या घातलेला, अगदी गंभीर. पर्स उघडली की ती माझ्याकडे बघायची. तेव्हा माझी भक्ती म्हणजे सकाळी घाईत लावलेली उदबत्ती. लहानपणी आईचं बोट धरून पोहरादेवीच्या यात्रेला जायचे, तेव्हा गर्दीत आई म्हणायची, “हात सोडू नको, बाकी देवी पाह्यते.” मोठी झाल्यावर सगळं आपणच बघतो असं मला वाटायला लागलं होतं.

गावाच्या वेशीवर लिंबाखाली मरीमायचं छोटं देऊळ आहे. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी दहावीची मुलं तिथं जायची, हॉलतिकीट आणि पेन देवीच्या पायाशी ठेवायची, नारळ फुटायचा, हळदीकुंकू लावलेलं तिकीट ज्याचं त्यानं उचलून घ्यायचं. मी दरवर्षी बाजूला उभी राहून मनात म्हणायची, यापेक्षा दोन प्रमेयं पाठ केली असती तर! त्या वर्षी मात्र मी पर्स उघडली आणि कोमलचं तिकीटही तिथं ठेवलं. श्रद्धेनं ठेवलं म्हणाले तर खोटं होईल. दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. ठेवताना एवढंच म्हणाले, “माय, मी बिघडवलं. मला दुरुस्त करता येत नाही.”

पूजा झाल्यावर ते घेऊन कोमलच्या घरी जायचं मी ठरवलं होतं. तेवढ्यात फाट्याकडून मुलं ओरडत आली, “मॅडम, एसटी आली!” त्यानंतरची बस अंधार पडल्यावर होती. मी पर्स उचलून धावले. रिठद मागे गेल्यावर आठवलं की तिकीट देवीपाशीच राहिलं. मुख्याध्यापकांना फोन केला, तर ते म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, ती पोरगी काही बसत नाही आता.” आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं फार वाईट असतं.

सकाळी पहिल्या बसनं आले ती थेट देवळात गेले. देवीच्या पायाशी शिळी फुलं होती, नारळाची करवंटी होती, तिकीट नव्हतं. देऊळ झाडणारी शेवंतामाय रोज तिथं असायची, आज तीही नव्हती. मग ती शंभर पावलं एकदाची चालले. कोमलच्या दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, “सकाळीच गेले मॅडम समदे. वावरातच गेले असतीन.” मी त्या कुलपाकडे बघत उभी राहिले. एका मुलीचं वर्ष माझ्या एका वाक्यानं गेलं, आणि उरलंसुरलं माझ्या विसराळूपणानं, एवढंच मनात येत होतं.

परीक्षेचं केंद्र जवळच्या मोठ्या गावातल्या शाळेत होतं. तिथं पोचून मी बाकीच्या मुलांना पाणी पाजलं, पेन वाटले, पाठीवर हात फिरवले. हात त्यांच्या पाठीवर होता, लक्ष फाटकाकडे. मुलं एकेक करून आत गेली. आणि पहिली घंटा व्हायच्या जरा आधी एक मोटारसायकल धूळ उडवत आली. पुढे कोमलचा बाप, मध्ये कोमल, आणि मागे, पदर कानाभोवती गच्च गुंडाळून, दोन्ही डोळे मिटून, शेवंतामाय!

कोमलच्या हातात हॉलतिकीट होतं. फोटोतल्या कपाळावर कुंकवाचं बोट, कोपऱ्यात हळद. तिकिटावर कुंकू कसलं म्हणून पर्यवेक्षक कुरकुरतील, एवढाच विचार आधी माझ्या डोक्यात आला, इतकी मी शाळेची बाई आहे. मग रडू आलं.

झालं होतं ते असं. आमच्या त्या गावात दुसरीही एक रीत होती. मुलीसाठी स्थळ बघायचं तर मुलीचा फोटो आणि माहिती लिहिलेला कागद आधी मरीमायच्या पायाशी ठेवायचा. शेवंतामायला अक्षर येत नव्हतं. मी गेल्यावर ती झाडायला आली, फोटोचा कागद बघितला, कोमलला ओळखलं आणि तशीच संतापून तिच्या बापाच्या अंगणात गेली.

“मी म्हनलं, हे पोट्टी तं आत्ता आत्ता माह्या वट्यावर खेये,” शेवंतामाय फाटकाशी मला सांगत होती, “आन् इचं लगन काहून करून राह्यले? देवीपाशी कागद ठेवाले लाज नाई वाटली? लय बोलली मी त्याले.”

कोमलचा बाप ओशाळून हसत होता. “मी कागद वाचला मॅडम. म्हनलं, माय, हा लग्नाचा नाई, परिक्षेचा हाये. मंग घरात समदेच हासले. कोमल तं महिन्यानं हासली.”

“मंग मी तिले म्हनलं,” शेवंतामायनं त्याला थांबवलं, “कागद परिक्षेचा असन तं जाय ना बाप्पा! देवीनं ठेवून घेतला, तू कायले घरी बसतं? आन् सोडून नाई देल्लं. इथलोक आली संगं.”

कोमलनं तिचा कंपास मामेबहिणीला देऊन टाकला होता, म्हणून ते भल्या सकाळी निघून पेन-पट्टी घेत आले होते. तिनं खाली बघत विचारलं, “मॅडम, माह्यं तिकीट तुमी ठेवलं व्हतं देवीपाशी?” मी हो म्हणाले. आणि फाटकाशी, तिच्या बापासमोर, शिपायासमोर म्हणाले, “कोमल, मी वर्गात बोलले ते चुकलं माझं. तू फक्त जाऊन बस. बाकी राहू दे.” ती वाकून माझ्या पाया पडली, शेवंतामायच्या पडली आणि पळत आत गेली.

चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. निकाल लागला तेव्हा कोमल गणितात नापासच होती, आणि आमचे शंभर टक्के हुकले. पण मराठीत ती शाळेत पहिली आली होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. जूनच्या उन्हात, लिंबाच्या सावलीत, शेवंतामाय शेजारी तंबाखू मळत असताना, आम्ही पहिल्या धड्यापासून गणित काढलं. पुरवणी परीक्षेत ती सुटली, काठावर. मला त्या काठावरच्या गुणांचा जेवढा आनंद झाला, तेवढा शंभरापैकी शंभराचाही कधी झाला नव्हता.

त्यानंतर दरवर्षी मीच पहिली देवळात जायची. मुलांना अभ्यासाचं सांगायची, रागवायचीही, स्वभाव काही बदलत नाही. पण शेवटी एवढंच म्हणायची, “तुम्ही पेपरला या. बाकी माय बघते.” आईचं ते यात्रेतलं बोलणं मला पन्नाशीत कळलं.

निवृत्तीच्या वर्षी गावाचा निरोप घ्यायला गेले. शेवंतामाय फार थकली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं, तरी हातात झाडू होता. देवीच्या पायाशी फोटोचा एक कागद होता. तिनं तो उचलून माझ्या हातात दिला. “वाच वं बाई. हा तरी लगनाचाच हाये ना?”

फोटो कोमलचा होता. वेण्या गेल्या होत्या, चेहरा तसाच गंभीर. मी मोठ्यानं वाचायला लागले. नाव वाचलं, जन्मगाव वाचलं. पुढे ‘शिक्षण’ असं लिहून एम.ए. मराठी, बी.एड. होतं, आणि त्याखाली ‘नोकरी: शिक्षिका’. मी तिथंच थांबले.

“काहून थांबली?”

“लग्नाचाच आहे माय,” मी म्हणाले.

“मंग ठेव आता,” शेवंतामाय म्हणाली, आणि मी तो कागद देवीच्या पायाशी ठेवून हात जोडले.